"पेशंट कोऑपरेट करत नाही"

आज जरा मोठं लिहितेय. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. आणि नर्सिंगमधल्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्ही अर्ध्यावर रागावू नका. पूर्ण वाचा, मग हवं तेवढं रागवा.

नवीन जोडलेल्यांसाठी सांगते. मी ३४ वर्षं सरकारी नोकरी केली. अधिपरिचारिका म्हणून लागले, पुढे परिसेविका झाले आणि शेवटची नऊ वर्षं पाठ्यनिर्देशिका, म्हणजे सगळे म्हणतात ती सिस्टर ट्यूटर, म्हणून मुलींना शिकवलं. त्यामुळे मी बाहेर उभी राहून दगड मारत नाहीये. यातला एक दगड माझ्याच डोक्यात बसणार आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सासूबाई पडवीत घसरल्या. वय ८३. खुब्याचं हाड मोडलं. रातोरात घाट चढून एका शहरातल्या मोठ्या खाजगी रुग्णालयात नेलं. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की तुम्ही "हां, तिथे असंच चालतं" म्हणणार आणि मोकळे होणार. तसं मोकळं कुणाला व्हायचं नाहीये.

ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टरांना पैकीच्या पैकी मार्क. दोन रात्री मी खाटेशेजारी जागले, तिसऱ्या रात्री लॉजवर पाठ टेकायला गेले. बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुष माणूस चालत नाही, म्हणून आमचे हे बाहेर बाकड्यावर.

पहाटे साडेपाचला परत आले तर आईंचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीने खाटेच्या दांड्याला बांधलेले. ओठ कोरडे. कानाचं मशीन लॉकरच्या खणात. कवळी टिश्यू पेपरात गुंडाळून औषधांच्या ट्रेमध्ये. चष्मा माझ्याच पर्समध्ये राहिलेला, ती चूक माझी. आणि फाइलमध्ये रात्रीची नोंद: पेशंट कोऑपरेट करत नाही, बडबडते, नळी ओढते, हात बांधले.

मला बघून त्या म्हणाल्या, "गो, कोणी बांधलेन माझे हात? मी काय चोरी केलंय?"

मी पांघरूण बाजूला केलं. लघवीची नळी मांडीखाली दबून मुडपली होती. पिशवीत रात्रभराची लघवी जेमतेम अर्धा कप. ओटीपोट टम्म फुगलेलं. नळी सरळ केली, पिशवी भरायला लागली, आणि दहा-पंधरा मिनिटांत ओरडणारी बाई शांत झाली. कानात मशीन घातलं, चष्मा लावला, खिडकीचा पडदा सरकवला, "आई, आपण हॉस्पिटलात आहोत, पाय मोडला होता, ऑपरेशन झालं" असं दोनदा सांगितलं. त्यांनी विचारलं, "गाईला कोण बघतंय?" माणूस जागेवर आलं.

म्हणजे ज्या बाईला रात्रभर असह्य दुखत होतं, तिने दुखतंय तिथली नळी ओढली. आपण तिला नाव दिलं "कोऑपरेट करत नाही", आणि हात बांधले.

आता ज्या मुलीने बांधले तिच्याबद्दल. रागाने तिला शोधत गेले. सापडली तर वीस-एकवीस वर्षांची पोर, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, डोळे लाल. वॉर्डात तीसेक पेशंट, एक स्टाफ नर्स आणि ही. मी विचारलं, "बाळा, नळी बघितलीस का?" गप्प. मग म्हणाली, "मॅडम, त्या जोरात ओरडत होत्या. मी खूप घाबरले. नळी निघाली असती तर मलाच बोलले असते."

"म्हातारं माणूस रात्री अचानक असं बडबडायला लागलं तर आधी काय बघायचं, हे शिकवलं होतं का गं?"

तिने दिलेलं उत्तर मी आयुष्यभर विसरणार नाही. "मॅडम, ते युनिट सेमिनारला दिलं होतं. माझा टॉपिक दुसरा होता."

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण मी स्वतः नऊ वर्षं हेच केलंय. प्रसूतीचा विषय आला की मी फळ्यावर आकृत्या काढायचे, बाहुली आणि कमरेच्या हाडाचा सापळा घेऊन तासन्‌तास बसायचे. वृद्धांचं युनिट आलं की, "हे सोपं आहे, वाचून घ्या, टीप लिहायला येते." सोपं आहे! मीच म्हणालेय. कितीतरी मुली माझ्या हाताखालून असंच "सोपं" घेऊन बाहेर पडल्या, आज कुठकुठल्या वॉर्डात रात्रपाळ्या करतायत.

म्हणून आज स्पष्ट लिहिते. म्हाताऱ्या माणसाची शुश्रूषा हे एक कसब आहे आणि आपण ते मुलींना शिकवत नाही. शिकवत नाही, कारण ते कसब आहे हेच आपल्याला मान्य नाही. आपल्याकडे त्याला "संस्कार" म्हणतात. आजी-आजोबांची सेवा काय शिकवायची, ती तर मराठी मुलीच्या रक्तातच असते! १२ मेला परिचारिका दिन असतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या फोटोला हार, मेणबत्त्या, आणि पाहुण्यांच्या भाषणात ममता, त्याग, सेवाभाव. अहो, त्याच बाईच्या नावाने १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. नुसत्या ममतेवर भागलं असतं तर शाळा कशाला काढली असती?

त्या रात्री त्या पोरीकडे ममता होती की. ती रडत होती. तिच्याकडे नव्हतं ते ज्ञान.

काय शिकवायचं असतं, ते ऐका. सत्तरी-पंचाहत्तरीनंतर शरीर वेगळ्या भाषेत बोलतं. तरुणाला न्यूमोनिया झाला की ताप चढतो, खोकला येतो. आजोबांना कधी ताप येतच नाही, फक्त जेवण सुटतं आणि ते झोपाळल्यासारखे होतात. हार्ट अटॅकला छातीत कळ येईलच असं नाही, कधी नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखं होतं. लघवीचा संसर्ग झाला की जळजळ सांगायच्या आधी माणूस असंबद्ध बोलायला लागतं. घरात आपण म्हणतो "वात झाला" किंवा "म्हातारचळ लागला". वैद्यकात त्याला डिलिरियम म्हणतात आणि तो बहुतेक वेळा कशाचा तरी इशारा असतो. दुखणं, पाणी कमी पडणं, संसर्ग, अडलेली लघवी, न झालेलं पोट, नवं औषध, झोपमोड, कानाचं मशीन किंवा चष्मा काढून घेणं. ही यादी पाठ असलेली मुलगी पाच मिनिटांत कारण शोधते. पाठ नसलेली मुलगी पट्टी शोधते. आणि हात बांधले की असं माणूस शांत होत नाही, आणखी बिथरतं.

पुढचं. म्हातारं माणूस आठवडाभर खाटेवर ठेवलं की पायातली ताकद झपाट्याने जाते आणि परत यायला महिने लागतात. त्यामुळे "आजी, पडून राहा, उठू नका" हे प्रेमाने म्हटलं तरी नुकसानच. आडवं ठेवून घास भरवला तर तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. कवळी काढून ठेवली की जेवण कमी होतं. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर माकडहाडापाशी कातडी लाल होते, मग फुटते. आमच्या आईंची फुटली. खुबा डॉक्टरांनी बसवला, पाठीवरची जखम मी दीड महिना घरी ड्रेसिंग करून भरून आणली.

कोणी म्हणेल, अहो ताई, कूस बदलणं, तोंडाची निगा, स्पंज बाथ हे तर पहिल्याच वर्षी शिकवतात. शिकवतात, मीच शिकवलंय. पुतळ्यावर. पुतळा बहिरा नसतो, घाबरत नाही, त्याची कातडी कागदासारखी झालेली नसते, आणि तो रात्री दोन वाजता "मला घरी जायचंय" म्हणून दांड्यावरून पाय टाकत नाही.

आता अभ्यासक्रमाकडे बघा. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम आणला, सेमिस्टर पद्धतीचा. लहान मुलांच्या परिचर्येला दोन सेमिस्टरमध्ये जागा. प्रसूतीला दोन सेमिस्टरमध्ये जागा. दोन्ही योग्यच. आणि वृद्ध? ते "अ‍ॅडल्ट हेल्थ नर्सिंग"च्या दुसऱ्या भागात, कान-नाक-घसा, डोळे, किडनी, मेंदू, भाजलेले पेशंट यांच्या रांगेत एक युनिट. विषयाच्या नावाला शेपूट जोडलंय, "जेरिअ‍ॅट्रिक नर्सिंगसह". प्रत्यक्ष वॉर्डातलं कामही त्याच मापाने. जिथे वृद्धांचा वेगळा वॉर्ड नाही तिथे ती पोस्टिंग मेडिसिन वॉर्डात विरघळते. मेडिसिन वॉर्डात अर्ध्या खाटांवर म्हातारी माणसंच असतात हे खरं, पण त्यांच्याकडे म्हातारी म्हणून बघायला कोणी शिकवत नाही. ती असतात "बेड नंबर १२, सीओपीडी".

मी नोकरीला लागले तेव्हा हे समजण्यासारखं होतं. बाळंतपणात बायका मरत होत्या, पोरं जुलाबाने जात होती. तेव्हा ताकद तिथे लावली आणि ते बरोबर केलं. पण आता वॉर्डात कोण आहे ते बघा ना! २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढचे दहा कोटींहून जास्त लोक होते, आणि महाराष्ट्राचं प्रमाण देशापेक्षा जास्त, जवळपास दहा टक्के. २०२१ ची जनगणना तर वेळेवर झालीच नाही. आकडा सोडा, आपल्या कोकणातल्या कुठल्याही वाडीत दुपारी चक्कर मारा. पोरं मुंबई-पुण्याला, घरं गणपतीत आणि शिमग्यात भरतात, बाकी वर्षभर पडवीत दोन म्हातारी माणसं आणि एक कुत्रा. या माणसांना आजारपणात हात लावणार आहे ती नर्सच. मुलगा व्हिडिओ कॉलवर असणार आहे.

कायदा बघायचाय? ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ आणि कल्याणाचा २००७ चा कायदा आहे. त्याचं विसावं कलम दवाखान्यांबद्दल आहे. त्यात ज्येष्ठांसाठी खाटा आहेत, वेगळी रांग आहे, जिल्हा रुग्णालयात अनुभवी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाताखाली सोय आहे. परिचारिका हा शब्द नाही. खाट देणार, रांग देणार. त्या खाटेवर चोवीस तास बघणार कोण?

आणि आता सगळ्यात झोंबणारी गोष्ट. २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात नर्सही आहेत. पोरींनी जावं, चांगला पगार मिळवावा, माझा आशीर्वाद आहे. पण तिथली पद्धत जरा बघा. जर्मनीत २०२० पर्यंत वृद्धांची परिचर्या हा तीन वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम होता. २०२० पासून सगळ्यांचं शिक्षण एकत्र केलं, तरी दीर्घकाळ देखभालीच्या निवासी केंद्रांत, जिथे मुख्यतः वृद्धच असतात, प्रत्येक विद्यार्थ्याला ४०० तास काम सक्तीचं ठेवलं. म्हणजे जर्मन आजीला हात लावायच्या आधी ४०० तास. आणि आपल्या आजीला हात लावायला? "माझा टॉपिक दुसरा होता."

आता नेहमीचे आक्षेप. ते मला पाठ आहेत, कारण स्टाफ मीटिंगमध्ये मी स्वतः ते मांडलेत.

"एका नर्सवर तीस पेशंट, वेळ कुठे आहे?" अगदी खरं. रिक्त पदं भरा, यासाठी मी मोर्चात चाललेय आणि पुन्हा चालेन. पण माणसं कमी आहेत म्हणून न शिकवणं हा उलटा न्याय झाला. मुडपलेली नळी बघायला एक मिनिट लागतो. बांधलेल्या, ओरडणाऱ्या पेशंटने त्या मुलीची अख्खी रात्र खाल्ली. कूस बदलायला पाच मिनिटं लागतात. फुटलेल्या जखमेचं ड्रेसिंग रोज अर्धा तास, महिना-दोन महिने. कमी माणसं असतील तर नीट शिकवलेलीच हवीत.

"हे घरच्यांचं काम आहे, सुनेने बघावं." बघितलं की! मी सूनच आहे. पण घरी बघायचं झालं तरी सुनेला, लेकीला, ब्युरोतून लावलेल्या मावशीला हे कोण शिकवणार? डिस्चार्जच्या दिवशी नर्सनेच ना? तिलाच शिकवलेलं नसेल तर ती गोळ्यांची पिशवी हातात देणार आणि "सांभाळून न्या" म्हणणार. शिवाय जे काम फुकट सुनेकडून करून घ्यायची सवय लागलीय, त्याला कसब म्हणायला आपली जीभ रेटत नाही, हेही यातलं एक कारण आहे. बोचलं तर बोचू दे.

"अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे." असेल. मग काढा काहीतरी. पेशंट बदलला तर पुस्तक बदलायला नको?

नुसती तक्रार करून मी थांबणार नाही. मला काय हवंय ते लिहिते:

१. वृद्धपरिचर्या हा स्वतंत्र विषय करा, जीएनएमला आणि बी.एस्सी.ला दोन्हीकडे. आणि त्याची खाटेशेजारी प्रात्यक्षिक परीक्षा घ्या. बाळाला आंघोळ घालता येते का हे बघतो, तसं गोंधळलेल्या आजीशी बोलून कारण शोधता येतं का, हे बघा. परीक्षेत नसेल ते आपल्याकडे कोणी शिकत नाही, शिकवतही नाही. मी साक्षीदार आहे.

२. कम्युनिटी पोस्टिंगला मुली खेड्यात जातातच. प्रत्येकीला एक आजी किंवा आजोबा वर्षभरासाठी द्या. औषधांची पिशवी उलटी करून बघायची. तीन डॉक्टरांकडून आलेली एकच गोळी दोन नावांनी चालू आहे का? बाथरूमला पकडायला दांडी आहे का? रात्री उठताना चक्कर येते का? अशी एक वर्षाची मैत्री दहा सेमिनारपेक्षा जास्त शिकवेल.

३. वृद्धपरिचर्येचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा परिचर्या परिषदेने ठरवलेला आहे. तो केलेली किमान एक शिक्षिका प्रत्येक कॉलेजात सक्तीची करा. शिकवणारीलाच येत नसेल तर ती "वाचून घ्या" म्हणणार. मी तेच म्हटलं.

४. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून चालू आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्धांचा वॉर्ड सांगितलाय. आपल्या भागातल्या नर्सिंग कॉलेजच्या मुलींची पोस्टिंग त्या वॉर्डात लागते का, किती दिवस लागते, हे माहितीच्या अधिकारात विचारा. मी या आठवड्यात अर्ज टाकतेय. उत्तर आलं की इथेच फोटो टाकेन.

५. विद्यार्थिनीला रात्रपाळीला बिनपगारी स्टाफ म्हणून वापरणं बंद करा. ती शिकायला आलीय. शेजारी शिकवणारं कोणी नसताना तिच्याकडून जे होतं, त्याला तिची चूक म्हणू नका.

त्या पोरीला मी त्या सकाळी खाटेशेजारी घेऊन बसले. नळी कशी बघायची, ओटीपोटाला हात लावून कसं कळतं, कानाचं मशीन कसं घालायचं, ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी ओरडून न बोलता समोर बसून, तोंड दिसेल असं सावकाश कसं बोलायचं. वीस मिनिटं लागली. पोर हुशार होती, एकदा दाखवल्यावर दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. जाताना तिने आईंची वेणी घालून दिली. तीन वर्षांत तिला ही वीस मिनिटं कुणी दिली नव्हती.

आई आता बऱ्या आहेत. वॉकर घेऊन पडवीपर्यंत येतात, गाईला हाक मारतात. त्या रात्रीचं त्या काही बोलत नाहीत. फक्त एक झालंय. घरी कुणी बीपी बघायला आलं, अगदी मी मशीन घेऊन गेले, तरी आधी दोन्ही हात पांघरुणाच्या आत ओढून घेतात. मग मला म्हणावं लागतं, "आई, मी आहे, बांधत नाही." तेव्हा एक हात हळूच बाहेर येतो.

मी ३४ वर्षं नर्स होते. माझ्या घरात मला हे वाक्य रोज म्हणावं लागतंय.

तुमच्या घरी कुणी नर्सिंग करत असेल तर आज रात्री जेवताना तिला विचारा, म्हाताऱ्या माणसाचं काय शिकवलं गं? ती काय सांगते ते कॉमेंटमध्ये लिहा. कॉलेजचं नाव नको, फक्त उत्तर लिहा. शंभर उत्तरं जमली की मी प्रिंट काढून माहितीच्या अर्जासोबत परिचर्या परिषदेला पाठवणार आहे. कॉपी-पेस्ट करायला, शेअर करायला माझी परवानगी आहे, विचारत बसू नका.